हिवाळ्यात गंगेवर पहाटेचे फोटो काढायचेत? नाशिकच्या गोदाघाटाबद्दल नेहमी येणारे प्रश्न

नोव्हेंबर लागला की मला तेच तेच मेसेज सुरू होतात, किती वाजता जायचं, धुकं असेल का, मोबाईलवर येतील का, तिथे कोणी ओरडतं का. दरवेळी टाइप करून कंटाळा आला म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतोय. गंगा म्हणजे अर्थातच आपली गोदावरी, नाशिककर गंगेवर जातो म्हणतो तेव्हा तो काशीला निघालेला नसतो.

घाट म्हणजे नक्की कुठून कुठपर्यंत? आम्ही बाहेरगावचे आहोत.

फोटोसाठी कामाचा भाग तसा छोटाच आहे. वरच्या अंगाला अहिल्याबाई होळकर पूल, जुने लोक त्याला अजून व्हिक्टोरिया पूलच म्हणतात, तिथून खाली रामकुंड, गांधी तलाव, दुतोंड्या मारुती, नारोशंकराचं देऊळ, यशवंत महाराज पटांगण आणि मग गाडगे महाराज पूल. रमतगमत चाललात तरी पंधरा-वीस मिनिटांत संपतो. एका काठाला पंचवटी, दुसऱ्या काठाला जुनं नाशिक, सराफ बाजार, भांडी बाजार वगैरे. पहिल्यांदा येणारा माणूस एवढ्यात तीनदा खालीवर पळतो आणि कुठेच धड थांबत नाही. एका सकाळी एकच काठ धरा.

सोमेश्वरचा धबधबा, गंगापूर रोडकडचा गोदापार्क, तपोवनातला कपिला संगम हे सगळं वेगळं प्रकरण आहे. चांगलंच आहे, पण तिथे झाडं आणि खडक मिळतील. घाटावर माणसं मिळतात आणि मला विचाराल तर हिवाळ्यात पहाटे उठायचं ते त्यांच्यासाठीच.

किती वाजता पोचू?

सूर्योदयाच्या पाऊण तास आधी पायरीवर उभे असा. घरातून निघायची वेळ वेगळी, पार्किंगची वेगळी, मी पायरीवर म्हणतोय.

नाशिकचा सूर्योदय नोव्हेंबरच्या मध्यावर साधारण पावणेसातला असतो, डिसेंबरच्या शेवटी सात-आठ सात-नऊच्या आसपास, आणि सगळ्यात उशिरा म्हणजे सात-बाराच्या आसपास जानेवारीच्या मध्यावर. यात लोक नेहमी फसतात कारण सगळ्यात लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा, मग सूर्य पण तेव्हाच सगळ्यात उशिरा उगवत असणार असं वाटतं. तसं नाहीये. संक्रांतीला तो डिसेंबरच्या त्या दिवसापेक्षाही सहा-सात मिनिटं उशिरा येतो. फेब्रुवारी संपता संपता परत सहा-पंचावन्नच्या आत.

आपल्याकडे संधिप्रकाश फार टिकत नाही हे पण लक्षात घ्या. युरोपातले व्हिडिओ बघून लोकांना वाटतं तासभर निळं आकाश मिळेल. इथे नीट दिसायला लागल्यापासून सूर्य वर यायला वीस-पंचवीस मिनिटं, बास. आणि सूर्य वर आला की तो जवळजवळ सरळ चढतो, त्यामुळे आठ-सव्वाआठला उन्हात ती मजा उरत नाही, तेव्हा चहा प्या.

सूर्य कुठून उगवतो? मला मंदिराच्या बरोब्बर मागे पाहिजे.

डिसेंबरमध्ये सूर्य बरोबर पूर्वेला उगवत नाही, चांगला पंचवीस अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो, होकायंत्रावर साधारण ११५. त्यात गंगा रामकुंडाशी दक्षिणेकडे वळते, त्यामुळे पंचवटी पूर्वेच्या काठावर येते. सांगायचा मुद्दा असा की तुम्ही जुन्या नाशिकच्या बाजूला उभे राहिलात तर प्रकाश समोरून, नारोशंकर आणि बाकीची शिखरं काळी, मागे केशरी, पाण्यात त्यांचं उलटं. सगळे तोच फोटो काढतात, तुम्ही पण काढा, एकदा काढून झाला की डोक्यातून जातो.

पण ॲपवर सात-पाच दिसतंय म्हणून सात-पाचला घाटावर ऊन येईल असं नाही हं. पंचवटीच्या बाजूला घरं, धर्मशाळा, झाडं आहेत आणि जमीनही चढती आहे. सूर्य त्यांच्या डोक्यावरून यायला अजून वीस-तीस मिनिटं लागतात. तोवर वर आकाश उजळलेलं आणि खाली घाट सावलीत, ही वेळ मला सगळ्यात जास्त आवडते कारण सावली मऊ असते आणि माणसांचे चेहरे नीट येतात.

पंचवटीच्या काठावर उभे राहून पश्चिमेकडे बघितलंत तर उलटा खेळ. समोरच्या काठावरच्या देवळांच्या कळसावर आधी ऊन पडतं, मग ते हळूहळू खाली उतरतं. होळकर पुलाच्या त्या टोकाला सुंदरनारायणाचं देऊळ आहे, १७५६ चं, ते पूर्वेला तोंड करून असं बांधलंय की २१ मार्चच्या सुमारास उगवत्या सूर्याचे किरण थेट मूर्तीच्या पायाशी जातात. म्हणजे बांधणाऱ्यांनी तुमच्या ॲपचं काम अडीचशे वर्षांपूर्वी करून ठेवलंय. पण ते मार्चमध्ये, हिवाळ्यात त्याची वाट बघू नका.

धुकं नक्की कधी मिळतं? मागच्या वेळी आलो तर काहीच नव्हतं.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. निफाडला पारा चार-पाच अंशांवर आल्याची बातमी आली, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा पेपरात छापून आला, की दुसऱ्या दिवशी घाटावर कॅमेरेवाल्यांची गर्दी. आणि बऱ्याचदा धुकं नसतंच. कडाक्याची थंडी येते ती उत्तरेकडच्या कोरड्या वाऱ्याने, आणि कोरडी हवा अधिक वारा म्हणजे धुकं होत नाही.

धुक्यासाठी तीन गोष्टी एकत्र लागतात: रात्रभर आभाळ मोकळं, वारा जवळपास बंद आणि हवेत ओल. चार-पाच दिवस आधी अवेळी पाऊस पडून गेलाय, मग आभाळ मोकळं झालं आणि वारा पडला, तर ती सकाळ सोडू नका. ॲपमध्ये तापमान आणि ड्यू पॉइंट (ज्या तापमानाला हवेतल्या ओलीचं दव होतं तो आकडा) दोन्ही बघा, पहाटे दोघांत एक-दोन अंशांचाच फरक दाखवत असेल आणि वारा ताशी पाच किलोमीटरच्या आत असेल तर अलार्म लावा. फरक आठ-दहाचा असेल तर झोपा.

दुसरा प्रकार म्हणजे पाण्यावरून निघणारी वाफ. हिवाळ्याच्या सुरुवातीला पाणी अजून दिवसाची ऊब धरून असतं आणि वरची हवा गार पडलेली, मग पाण्यावर गुडघ्याएवढी वाफ तरंगते. ती गाव झाकणाऱ्या धुक्यासारखी दिसत नाही, उभ्याने बघितलं तर कळतही नाही. खालच्या पायरीवर बसा, कॅमेरा पाण्याच्या जवळ आणा, आणि प्रकाश समोरून घ्या. पाठीमागून प्रकाश असेल तर वाफ गायब.

आणि तिसरं, ज्याला लोक धुकं समजतात तो निम्म्या वेळा धूर असतो. शेकोट्या, पाणी तापवायचे बंब, कुठेतरी पेटवलेला कचरा. थंड हवा नदीच्या पात्रात उतरून बसते आणि धूर वर जाऊ शकत नाही. फुफ्फुसांना वाईट, फोटोला सोन्याचा. देवळांच्या मधल्या गल्लीतून ऊन आलं की त्या धुरात किरण स्पष्ट दिसतात.

माझ्याकडे फक्त मोबाईल आहे.

चालेल. खरंच चालेल, चहावाल्याच्या जवळ जाऊन काढायला तर मोबाईलच बरा, मोठी लेन्स बघून माणसं ताठ होतात.

दोन-तीन गोष्टी करा. आधी लेन्स पुसा, खिशात ठेवलेली असते आणि बोटांचं तेल लागलेलं असतं, समोर दिवा आला की सगळा फोटो पांढुरका. मग आकाशाच्या उजळ भागावर बोट दाबून धरा, लॉक होईल, आणि उजेड थोडा खाली ओढा. मोबाईल स्वतःहून पहाटेची दुपार करतो. नाइट मोड पाणी आणि देवळं यासाठी ठीक, पण चालणाऱ्या माणसांची त्यात भुतं होतात. झूम करू नका, पाय आहेत ना.

सेटिंग्ज सांगा ना दादा.

सेटिंग्ज पाठ करून काही होत नाही पण सुरुवात म्हणून घ्या. सूर्योदयाच्या पंचवीस मिनिटं आधी ट्रायपॉडवर आयएसओ २००, एफ ५.६, पाच ते दहा सेकंद. पाणी काचेसारखं होतं, दिव्यांच्या रेघा लांब येतात. सूर्योदयाच्या वेळी सावलीतल्या माणसांसाठी हातात कॅमेरा धरून आयएसओ ८००, एफ २.८, एक सव्वाशेवा सेकंद. एफ २.८ ची लेन्स नसेल तर आयएसओ वाढवा, थोडे दाणे आले तर आले, हललेला फोटो मात्र काही करता येत नाही.

धुक्यात कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो. सगळं पांढरं दिसतंय म्हणून कॅमेरा ते राखाडी करून ठेवतो, तिथे प्लस दोन-तृतीयांश ते प्लस एक द्या. समोर सूर्य असेल तेव्हा उलटं, मायनस एक. रॉ फॉरमॅटमध्ये काढा.

सगळे फोटो विचित्र रंगाचे येतात, अर्धे निळे अर्धे पिवळे.

कारण तिथे खरंच तसा प्रकाश असतो. आकाश निळं, घाटावरचे मोठे एलईडी पांढरेफटक, टपरीवरचा बल्ब पिवळा, समईचा अजून लाल. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगाचा तोल, ऑटोवर ठेवलंत तर कॅमेरा प्रत्येक फोटोला वेगळा निर्णय घेतो आणि एकाच सकाळचे फोटो पाच वेगवेगळ्या दिवसांचे वाटतात. मी तो ५२०० केल्विनवर बांधून ठेवतो आणि विसरतो. निळं निळंच दिसू द्या, पहाट आहे ती. हायमास्टचा, म्हणजे उंच खांबावरच्या त्या दिव्यांचा उजेड मात्र मला आवडत नाही, त्याला पाठ करून उभं राहायचं किंवा तो बंद व्हायची वाट बघायची, उजाडल्यावर काही मिनिटांचा मस्त वेळ मिळतो.

कोणती लेन्स आणू? सूर्याचा मोठा गोळा पाहिजे.

एकच आणायची तर ३५ किंवा ५० मिलिमीटरची. मोठ्या गोळ्यासाठी हिशोब सोपा आहे, फोकल लेंग्थला ११० ने भागा, तेवढे मिलिमीटर सूर्य सेन्सरवर येतो. म्हणजे २०० च्या लेन्सवर दोन मिलिमीटरसुद्धा नाही आणि फुल फ्रेम सेन्सरची उंची आहे २४. इंस्टावर देवळाएवढा सूर्य बघितला असेल तर तो एक तर चारशे-सहाशेच्या लेन्सने लांबून काढलाय किंवा कंप्युटरवर चिकटवलाय, घाटावर तेवढं मागे जायला जागाच नाही त्यामुळे काय ते समजा.

ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरवाला कॅमेरा असेल तर वर आलेल्या सूर्याकडे लांब लेन्समधून बघू नका. डोळे परत मिळत नाहीत. आणि पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिल्टर, काढून ठेवा, पाण्यातलं प्रतिबिंब तोच खातो.

ट्रायपॉड लावू देतात का?

लावू देतात, पण वाटेत नको. पायऱ्या अरुंद आहेत, शेवाळलेल्या आहेत, ओले पाय घेऊन आजी-आजोबा चढत असतात. पुलावर लावणार असाल तर एसटी किंवा ट्रक गेला की पूल थरथरतो, लांब एक्स्पोजर दोन गाड्यांच्या मध्ये घ्या.

लोकांचे फोटो काढलेले चालतात का?

यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण वाद होतात ते इथेच.

रामकुंड म्हणजे तुमच्यासाठी लोकेशन असेल, पण तिथे आलेल्या निम्म्या माणसांच्या घरात चार-आठ दिवसांपूर्वी कोणीतरी गेलेलं असतं. भारतभरातून लोक अस्थी घेऊन इथे येतात, गांधीजींच्या अस्थींचा काही भाग १९४८ मध्ये इथेच विसर्जित झाला. डोकं भादरलेला मुलगा मांडीवर कलश घेऊन गुरुजींसमोर बसलाय, मागून प्रकाश येतोय, फ्रेम अप्रतिम आहे हे मलाही दिसतं. नाही काढायचा. विचारून पण नाही, कारण त्या क्षणी तो नाही म्हणायच्या मनःस्थितीत नसतो.

अंघोळ करणाऱ्या बायकांचे फोटो काढायचे नाहीत. लांबून नाही, पाठमोरे नाही, सिल्हूट आहे म्हणून नाही. वस्त्रांतरगृहाच्या आसपास कॅमेरा पिशवीत. यात चर्चा करण्यासारखं काही नाही, आणि कोणी ओरडलं तर त्याचं बरोबर आहे.

बाकी ज्यांचं तिथे रोजचं काम आहे त्यांच्याशी आधी बोला. फुलवाल्या मावशी पहाटे पाचपासून बसलेल्या असतात, अंगावर नवऱ्याचा जुना स्वेटर, डोक्याला मफलर गुंडाळलेला, गोणपाटावर झेंडूचा ढीग. त्या पानाच्या द्रोणात आधी चार पाकळ्या टाकतात, मग वात, मग तुपाचा ठिपका, आणि अंगठ्याने वात उभी करतात, तो अंगठा तुपाने आणि काजळीने काळा झालेला असतो. तो फोटो मला कुठल्याही सूर्योदयापेक्षा भारी वाटतो. द्रोण विकत घ्या, गप्पा मारा, मग विचारा, मावशी काढू का एक. त्या पदर नीट करतात आणि गंभीर होतात, पहिले दोन-तीन फोटो तसेच जाऊ द्या, गिऱ्हाईक आलं की त्या तुम्हाला विसरतात. दुसऱ्या वेळी याल तेव्हा प्रिंट घेऊन या. चार बाय सहाची प्रिंट वीस रुपयांच्या आसपास पडते आणि तुमची ओळख घाटभर होते.

गांधी तलावात पोहणारे काका लोक आहेत, थंडीत पण येतात आणि त्यांना फोटो आवडतात, उलट तेच विचारतील कुठे टाकणार म्हणून. पाण्यात सूर मारून नाणी काढणारी पोरं पण पोज देतात, पण पैसे टाकून उडी मारायला लावू नका, गारठ्यात त्या पोरांच्या दाताला दात लागलेले असतात.

कबुतरं उडवून फोटो काढायला मित्राला पळवणारे लोक आहेत. काय बोलणार. दाणे टाकणाऱ्या आजोबांना विचारून बघा त्यांना काय वाटतं.

देवळांच्या आत?

पाटी वाचा. नाही लिहिलं असेल तर नाही. बाहेरून बघण्यासारखं पुष्कळ आहे. नारोशंकराचं देऊळ १७४७ चं, त्याच्या दर्शनी बाजूची ती मोठी घंटा वसई जिंकल्यानंतर पोर्तुगीजांकडून आलेली. पावसाळ्यात पूर किती आला हे नाशिककर घंटेवरून आणि दुतोंड्या मारुतीवरून मोजतात, मारुतीच्या गळ्याला पाणी लागलं की गावात फोन सुरू होतात. हिवाळ्यात तोच मारुती कोरडा ठणठणीत उभा असतो, त्याच्या पायाशी बायका कपडे धुतात. पुराचा फोटो सगळ्यांकडे आहे, हा घ्या.

खास दिवस कोणते?

कार्तिकात काकड आरती आणि पहाटेच्या स्नानाला येणाऱ्या बायका, त्रिपुरी पौर्णिमेला दिवे. धुंधुरमासात देवळांमध्ये उजाडायच्या आत नैवेद्य असतो, बाजरीची भाकरी, लोणी आणि मुगाची खिचडी, कॅमेरा बाजूला ठेवून प्रसाद घ्या. संक्रांतीला गर्दी. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची यात्रा असते, त्याच्या एक-दोन दिवस आधी दिंड्या नाशिकमधून त्र्यंबकला जातात, पहाटे पताका, वीणा, डोक्यावर तुळस, आणि सगळे थंडीने कान बांधलेले. माझ्या मते वर्षातला सगळ्यात चांगला फोटो तेव्हा मिळतो आणि शहरातले निम्मे कॅमेरेवाले तेव्हा झोपलेले असतात. एकादशी कधी येते ते पंचांगात बघा, जानेवारी किंवा फेब्रुवारीची सुरुवात.

अमावस्येला श्राद्धाची गर्दी असते, तेव्हा मी कॅमेरा नेत नाही. बुधवारी गंगेवर आठवडे बाजार, पहाटेपासून टेम्पो लागतात, मोकळा घाट पाहिजे असेल तर बुधवार सोडा, आणि भाज्यांच्या ढिगाऱ्यातून वाट काढणारी गंमत पाहिजे असेल तर बुधवारच.

ड्रोन उडवू का?

माझं उत्तर नको असं आहे. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला काही सवलती आहेत पण कुठेही उडवा असा त्याचा अर्थ नाही. नाशिकला ओझरला हवाई दलाचा तळ, देवळालीला तोफखाना, गांधीनगरला लष्कराच्या हेलिकॉप्टरचं प्रशिक्षण, नाशिकरोडला नोटांचा छापखाना. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलचा नकाशा उघडून झोन बघा, त्यात पोलिसांचे मनाई आदेश वेगळे निघतात, ते पण बघा. आणि कोणी अस्थी सोडतंय आणि डोक्यावर घूं घूं, बरं दिसतं का ते?

प्री-वेडिंग शूट?

गोदापार्कला जा.

पक्षी मिळतात का?

घाटावर ढोकरी, पाणकावळे, घारी, हिवाळ्यात शेपटी हलवत फिरणारे धोबी. वाफेत दगडावर पंख पसरून बसलेला पाणकावळा छान दिसतो. खास पक्ष्यांसाठी यायचं असेल तर नांदूर मधमेश्वरला जा, निफाड तालुक्यात, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे ते, २०२० पासून. पण ती वेगळी सकाळ.

थंडीत कॅमेरा खराब होतो का?

आठ-दहा अंशांत काहीही होत नाही, हे लडाख नाही. बॅटरी थोडी लवकर उतरते, दुसरी आतल्या खिशात ठेवा. त्रास होतो तो परत आल्यावर, गार झालेला कॅमेरा गरम स्वयंपाकघरात किंवा दमट खोलीत उघडलात की लेन्सवर दव धरतं. पिशवी बंदच ठेवा अर्धा-पाऊण तास.

मी एकटीच येणार आहे, सेफ आहे ना?

उजाडल्यावर रामकुंडाच्या आसपास सतत वर्दळ असते, ओळखीच्या मुली एकट्या येतात. अंधारात मात्र पुलाखाली आणि गाडगे महाराज पुलाच्या पलीकडच्या मोकळ्या भागात जाऊ नका, हे मी पुरुषांनाही सांगतो. भटकी कुत्री गटाने असतात, पळू नका. आणि चप्पल नको, पकड असलेले बूट घाला, शेवाळावरून पाय गेला की कॅमेरा आणि माकडहाड दोन्ही जातं.

पाण्यात कचरा आणि पाणवेली दिसतात, एडिटमध्ये काढू का?

मी काढत नाही. निर्माल्याच्या प्लास्टिक पिशव्या, पाणवेली, कधी कधी खालच्या बाजूला फेस, हे सगळं आहे तिथे. स्पर्धेसाठी, दिनदर्शिकेसाठी नदी घासूनपुसून चकचकीत करणारे लोक आहेत, त्यांचा प्रश्न. फ्रेम बदलून टाळता येत असेल तर टाळा, पण असलेलं खोडू नका, दहा वर्षांनी कोणी बघितलं तर नदी कशी होती ते त्याला कळायला हवं.

मुंबईहून सकाळी निघून पोचता येईल का?

साधारण १६५-१७० किलोमीटर आहे, कसाऱ्याचा घाट आहे आणि पहाटे तिथे खरं धुकं असतं, ड्रायव्हिंगला वाईट असणारं. आदल्या रात्री येऊन राहा. पंचवटीत धर्मशाळा, लॉज भरपूर. रेल्वेने आलात तर नाशिकरोड स्टेशनपासून घाट नऊ-दहा किलोमीटर, पहाटे रिक्षाचं भाडं आधी ठरवून घ्या.

झाल्यावर खायचं कुठे?

कुठली मिसळ चांगली यावर मी नाव सांगितलं तर चार मित्र तुटतील. काळ्या मसाल्याची बघा, पापड आणि दही मागा, आणि नऊच्या आत पोचा, रविवारी त्यानंतर नंबर लागतात.

सिंहस्थाची कामं सुरू आहेत म्हणे, मग आता यावं की थांबावं?

या. २०१५ नंतरचा सिंहस्थ तोंडावर आहे, मुख्य स्नानं २०२७ च्या पावसाळ्यात, त्यामुळे घाटांवर खोदकाम, बॅरिकेड, क्रेन हे असणारच. काही कोपरे बंद असतील तर दुसरा काठ धरा. बांधकामावरची माणसं पण पहाटेच शेकोटीला बसतात, सळयांच्या गठ्ठ्यावर, हेल्मेट उलटं ठेवून त्यात बिडीकाडी, आणि फोटोला ती कधीच नाही म्हणत नाहीत. निघण्याआधी कुठला पूल वाहतुकीला बंद आहे तेवढं मात्र बघून घ्या, नाहीतर पहाटेचा निळा प्रकाश तुम्हाला गाडीच्या काचेतूनच बघावा लागेल.